वीतभर वर आलेली जमीन

बाई,

पत्रकाच्या पहिल्या ओळीत मागणी असावी, असं बाबांनी मला लहानपणी शिकवलं. वाचणारा माणूस शिफ्ट सुटून कंपनीच्या बसकडे धावत असतो, त्याला वेळ नसतो. म्हणून आधी मागणी, मग कारणं आणि शेवटच्या ओळीत वेळ आणि जागा. मला दुसरं काही लिहिता येत नाही, म्हणून हेही तसंच लिहिते. मागणी अशी: तुमच्या नावाने आपल्या मैदानावर काँक्रीट ओतू नये.

तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही आणि मी तुमच्याशी मागण्यांच्या भाषेत बोलतेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लोटे, आधी बस. पाणी पी. मग भांड." पण बसवत नाही, बाई. बातमी कळल्यावर पुण्याहून निघाले तेव्हा एसटीत जागा मिळाली होती, तरी साखरप्यापासून पुढे उभीच राहिले. कंडक्टर म्हणाला, "ताई, उभं राहून गाडी लवकर नाय पोचत." तुम्हीच बोललात असं वाटलं मला.

लोटे. तुम्ही आम्हाला कधी नावाने हाक मारली नाहीत. लोट्याहून आलेली ती लोटे, राजापूरची ती राजापूर, संगमेश्वरची ती संगमेश्वर. एकदा विचारलं तर म्हणालात, "नाव सासरी बदलतात गो. माहेरचं गाव कोण बदलणार?" आणि तुम्हाला स्वतःला आम्ही मॅडम म्हटलं की खपायचं नाही. "मॅडम प्रयोगशाळेत. मैदानावर बाई."

मी कॉलेजात आले तेव्हा खेळाशी माझा काही संबंध नव्हता. लोट्याच्या केमिकल कंपनीत बाबा युनियनचं काम करायचे. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी जोडाक्षरं शिकले ती 'व्यवस्थापन' आणि 'निषेध' या शब्दांवर. त्यामुळे रत्नागिरीला वसतिगृहात येऊन पाण्याचे हाल बघितले आणि मी पहिल्याच महिन्यात पत्रक काढलं. कॉलेजच्या फाटकात उभी राहून वाटत होते. पोरं घेत होती आणि बोळा करून टाकत होती. एक बुटकी बाई थांबली. हाताला ॲसिडचा वास, बाबांच्या हाताला येतो तसा. तिने पत्रक उभ्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"लिहितेस बरं. धावतेस का?"

मी म्हटलं, "कशाला?"

"तू दोन्ही हातांनी वाटतेस. डावा उजव्याइतकाच चालतो तुझा. लोकांचा चालत नाही. संध्याकाळी मैदानावर ये."

वसतिगृहाच्या पाण्याचं काय झालं ते कुणाला आठवत नाही. पण माझा डावा हात कुणाला तरी दिसला, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही याच कॉलेजात बास्केटबॉल खेळलात. तेव्हा मैदान मातीचं होतं, जांभ्याची लाल माती चोपून केलेलं, आणि खेळून घरी गेल्यावर आई तुम्हाला न्हाणीघराबाहेर उभं करायची, असं तुम्ही सांगायचात. उंची नव्हती, म्हणून तुम्ही बॉल जमिनीलगत ठेवायला शिकलात आणि त्या जोरावर विद्यापीठाच्या संघात गेलात. मग मुंबईच्या एका शाळेने प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तर गेला नाहीत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलात आणि संध्याकाळी मुलींना शिकवायला लागलात. मानद प्रशिक्षक. या 'मानद' शब्दावरून मी तुमच्याशी किती भांडले! मुंबईला का गेला नाहीत, यावरूनही. तुमचं उत्तर ठरलेलं होतं.

"आपल्याकडून मुंबईला जायला माणसं कमी आहेत का?"

हे काय उत्तर झालं, बाई? मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण आता पुढचा प्रश्न विचारायला समोर कुणी नाही, आणि याचा राग मला कुणावर काढायचा तेही कळत नाही.

आपल्या मैदानावर आपण कधी हरलो नाही. पाहुण्या मुली यायच्या, त्यांचे बॉल रिंगवरून पलीकडे जायचे आणि आपण हसायचो. तुम्ही म्हणायचात, बचाव चांगला आहे आपला. आणि बाहेर गेलो की आपण दरवेळी हरायचो. बॉल रिंगच्या पुढच्या काठावर आपटून परत यायचा. माझ्या आधीच्या मुलींचंही तेच झालं होतं. तुम्ही सगळ्यांना एकच सांगत आलात: "बाहेर गेलात की घाबरता तुम्ही. गर्दी बघून हात लुळे पडतात तुमचे."

मी दुसऱ्या वर्षाला असताना मुंबईला आपण तसेच हरलो. लाकडी तळ, वर पत्र्याचं उंच छप्पर, आणि माझा एकही नेम लागला नाही. एकही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मैदानावर आलात, बूट बांधायला म्हणून खांबाकडे गेलात आणि तिथे नुसत्याच उभ्या राहिलात. मी जवळ आले.

"काय झालं, बाई?"

"इथे चौथरा होता गो."

"कुठे?"

"खांबाच्या बुडाशी. चिऱ्याचा. त्याच्यावर बसून मी बूट बांधायचे. कुठे गेला चौथरा?"

मी तिसऱ्या पिढीची खेळाडू असेन, मी चौथरा बघितलेलाच नव्हता. तुम्ही खाली बघत राहिलात आणि मग हळूच वर रिंगकडे बघितलंत. तुमचा चेहरा मी तेव्हा बघितला तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मैदानाच्या गड्याला, तात्यांना, तुम्ही आंबे काढायचा झेला आणायला सांगितलात. झेल्याची काठी रिंगला लावून खूण केलीत आणि काठी आडवी टाकून टेपने मोजलीत. रिंग नियमाच्या उंचीपेक्षा वीतभर खाली होती.

"रिंग खाली नाही आली," तुम्ही म्हणालात. "जमीन वर आलीय."

मातीवर पहिला सिमेंटचा थर पडला तो संस्थेचा कसला तरी महोत्सव होता म्हणून. दुसरा कुणी पाहुणा येणार होता म्हणून. तिसरा मैदानाला एका देणगीदाराचं नाव द्यायचं होतं म्हणून. प्रत्येक वेळी जुनं न फोडता वरून नवीन ओतलं, प्रत्येक वेळी भिंतीवर कोनशिला बसली, नारळ फुटला. चौथरा थराथराने खाली जात राहिला आणि तुम्ही रोज त्याच मैदानावर उभ्या होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही स्वतः बाहेर खेळत नव्हतात. बाहेर तुम्ही बाकावर बसायचात आणि इथे रोज सकाळी चार बॉल टाकायचात.

"कॉलेजात होते तेव्हा माझे इतके नेम लागत नव्हते," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं, वयाने हात मुरलाय माझा." आणि हसलात. आणि मग तिथेच, काँक्रीटवर, मांडी घालून बसलात आणि कितीतरी वेळ उठलाच नाहीत.

इथून आपलं भांडण सुरू होतं. ते संपलेलं नाही, म्हणून मी ते सविस्तर लिहिते.

रिंग वर घ्यायची तर खांबाचा आडवा हात कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागणार होतं. तुम्ही अर्ज केलात. संस्थेने सांगितलं, पुढच्या बैठकीत ठेवू. तुम्ही बैठकीची वाट बघितली नाहीत. तात्यांना बांबूची कांब वाकवायला लावून त्याचं कडं केलंत आणि ते रिंगच्या वर वीतभर अंतरावर सुंभाने बांधलंत. रिंगमागच्या फळीवर गेरूने नवीन चौकोन काढलात. "आता कड्यातून टाकायचं. रिंग विसरा." कडं रोज मोडायचं, तात्या रोज नवीन बांधायचे. बाहेरचे लोक बघून हसायचे. आपल्या मुली एकावर एक दोन रिंगांमध्ये बॉल टाकत होत्या.

आणि मी पत्रक काढलं. 'आमची रिंग वीतभर खाली का?' मी लिहिलेल्यांतलं ते सर्वांत चांगलं पत्रक होतं, हे मी आजही सांगेन. प्राचार्यांनी मला बोलावलं, संस्थेने तुम्हाला बोलावलं, आणि मग फाटकावर पाटी लागली, मैदान दुरुस्तीसाठी बंद. आपण भाट्याच्या किनाऱ्यावर, वाळूत धावायला लागलो. एवढ्या दिवसांनी मैदान उघडलं तेव्हा दुरुस्ती काय झाली होती? रिंगला नारिंगी रंग दिला होता, आणि तात्यांचं कडं काढून टाकलं होतं. तुम्ही रंगाकडे बघून म्हणालात, "छान दिसतंय हो," आणि तात्यांना बांबू आणायला पाठवलंत.

पण खरं भांडण त्याआधी झालं, भाट्याला. मुली पाण्यापर्यंत धावून परत येत होत्या. सुरूच्या झाडांखाली तुम्ही शिट्टी गळ्यात घालून उभ्या होतात, आणि मी तुमच्याशेजारी, धावायचं सोडून.

"पत्रक बरोबर आहे तुझं," तुम्ही म्हणालात. "पण त्यात मुली कुठे आहेत?"

"मुलींसाठीच तर लिहिलं."

"मग त्या वाळूत का धावतायत?"

"बाई, तुम्ही तो बांबू बांधलात म्हणून त्यांची सुटका झाली."

"कोणाची?"

"संस्थेची. बांबू नसता तर त्यांना रिंग उचलावी लागली असती."

"कधी?"

"कधीतरी."

"आणि तोवर राजापूरने काय करायचं? शेवटचं वर्ष आहे तिचं."

"तिने सांगायचं, मी या रिंगवर खेळणार नाही."

"आणि घरी जाऊन काय सांगायचं? मी तत्त्वासाठी खेळायचं सोडलं? तिचा बाप म्हणेल, बरं झालं, आता घरात बस."

मी आवाज चढवला. "तुम्ही सगळ्यांना असं सांभाळून घेता, म्हणून तर अजून मानद आहात!"

तुम्ही शिट्टी तोंडात धरलीत, वाजवलीत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "पाण्यापर्यंत आणि परत. तूपण, मेले."

ते वाक्य मी मागे घेत नाही, बाई. आवाज मागे घेते. ते वाक्य खरं होतं आणि तुमचंही खरं होतं, आणि दोन खऱ्या गोष्टी घेऊन मी इतकी वर्षं फिरतेय. पुण्यात लेख लिहिते, सभांना जाते, लोकांना सांगते की तडजोड म्हणजे अन्यायाला दिलेली मुदतवाढ असते. टाळ्या पडतात. आणि दर वेळी राजापूरचा बाप मला समोरच्या रांगेत बसलेला दिसतो.

पुढच्या वर्षी आपण मुंबईला जिंकलो. अंतिम सामना नाही, पण दोन सामने जिंकलो, बाहेरच्या मैदानावर, पहिल्यांदा. बॉल कड्यातून जावा तसा जात होता. रिंग बरोबर तिथेच होती जिथे तात्यांचा बांबू असायचा. गाडीत मुली गाणी म्हणत होत्या. राजापूरचं वर्ष आधीच संपलं होतं, ती या गाडीत नव्हती. हेही मला लिहिलं पाहिजे, कारण नाहीतर वाटेल की तुमचा बांबू सगळ्यांना पुरला. सगळ्यांना नाही पुरला, बाई.

संगमेश्वरच्या स्टँडवर गाडी थांबली आणि तुम्ही पिशवी उचललीत.

"लोटे, उतर. बाकीच्यांनी सरळ घरी जायचं."

"कुठे जातोय आपण?"

"काम आहे."

वंदनाताईचं घर नदीपलीकडे होतं. ती माझ्या कितीतरी आधी तुमच्याकडे खेळलेली, तुमची संगमेश्वर. आता जवळच्या शाळेत शिक्षिका. अंगणात वाळत घातलेलं काहीतरी गोळा करत होती, तुम्हाला बघून सगळं खाली टाकलं तिने.

"बाई! कळवायचंत तरी. बसा, पाणी आणते."

"पाणी नको. आधी ऐक. तू शेवटच्या सामन्यात दोन फ्री थ्रो चुकलीस."

ती हसली. "अजून लक्षात आहे तुमच्या? बाई, मेल्यावरसुद्धा काढाल तुम्ही ते."

"मी तुला काय म्हटलं होतं?"

हसणं थांबलं. "म्हणालात, गर्दी बघून तुझे हात लुळे पडतात."

"नव्हते पडले. नेम बरोबर होता तुझा. आपलं मैदान खोटं होतं." आणि तुम्ही सगळं सांगितलंत, चौथऱ्यापासून. झेल्याची काठी, तीन थर, सगळं. तिने मध्येच विचारलं, "किती?" तुम्ही वीत पसरून दाखवलीत. तिने स्वतःचा पंजा तुमच्या पंजावर ठेवून बघितला. तिची वीत तुमच्यापेक्षा मोठी होती.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा तुमच्या पाया पडेल. ती चिडली.

"बाई, मी स्कूटर शिकले नाही. आमचे हे शिकवायला बसले तर म्हटलं नको, आपले हात थरथरतात. वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा मला वाटतं, मुलं बघतायत, आता अक्षर हलणार. आता हे सांगून काय उपयोग?"

"उपयोग नाही," तुम्ही म्हणालात. "खरं आहे म्हणून सांगितलं."

मग तिने पाणी आणलं. तुम्ही प्यायलात. कोकम घातलेलं सरबत पुढे आलं, लाडू आला, आणि तिच्या सासूबाईंनी विचारलं की या कोण, तर ती म्हणाली, "माझ्या बाई." एवढंच.

त्यानंतर तुम्ही एकेकीच्या घरी जात राहिलात. सुट्टीच्या दिवशी एसटीने. काही जणींनी दारातूनच हसून घालवलं, एकीने ऐकूनच घेतलं नाही. मी तुमच्याबरोबर पुन्हा आले नाही, माझी परीक्षा होती आणि मग मी पुण्याला गेले. पण त्या अंगणात मी जे बघितलं ते कुठल्याही पत्रकात बसत नाही. पत्रक नेहमी दुसऱ्याला जाब विचारतं. तुम्ही जाब द्यायला गेला होतात.

तरीही, बाई, तरीही! तुम्ही घरोघरी माफी मागत फिरलात आणि ज्यांनी थर ओतले त्यांनी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. हे मला सहन होत नाही. हे मी तुम्हाला फोनवर सांगणार होते, त्या शेवटच्या फोनवर. पण तुम्ही घाईत होतात.

"लोटे, येशील तेव्हा हवा भरायची सुई घेऊन ये. चांगली आण. इथे मिळते ती वाकते."

"आणते. बाई, मला एक बोलायचं होतं."

"आल्यावर बोल. बॉल मऊ पडलेत सगळे. ठेवते."

सुई माझ्या पिशवीत होती, तुम्हाला बघायला आले तेव्हा. लोक हार घालत होते. माझ्याकडे हार नव्हता, सुई होती. ती कुठे ठेवायची ते कळेना, म्हणून मुठीत धरून उभी राहिले.

शोकसभा कॉलेजच्या सभागृहात झाली. तुमचा फोटो विद्यापीठाच्या ब्लेझरमधला, त्यात तुम्ही इतक्या तरुण आहात की जयगड, म्हणजे आताची कप्तान, माझ्या कानात म्हणाली, "ताई, बाई आपल्यासारख्याच दिसायच्या की." संस्थेचे अध्यक्ष छान बोलले. त्यांचा आवाज खरंच भरून आला होता, मी उगाच खोटं लिहिणार नाही. आणि शेवटी त्यांनी जाहीर केलं: मैदानाला तुमचं नाव देणार. त्यानिमित्त संपूर्ण मैदानावर काँक्रीटचा नवा थर घालणार. कोनशिला तयार व्हायला दिली आहे.

टाळ्या झाल्या. बाई, शोकसभेत टाळ्या झाल्या.

मी उठणार होते. माझ्या डोक्यात पहिली ओळ तयार होती. पण माझ्याआधी मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं. वंदनाताई. हातात हेल्मेट.

"साहेब, आधी रिंग वर घ्या."

अध्यक्षांना कळलं नाही. "काय म्हणालात?"

"थर घातलात की रिंग अजून खाली येईल. आधी रिंग वर घ्या, नाहीतर जुना थर फोडून मग घाला."

"ताई, आपल्या भावना समजतात. पण ही वेळ आहे का?"

"वेळ आहे म्हणजे? माझी वेळ गेली साहेब. ह्यांची जायची आहे." आणि तिने हेल्मेटने आमच्या रांगेतल्या मुलींकडे बोट केल्यासारखं केलं.

मग नेहमीचं झालं. दोन मिनिटं शांतता, आणि चहा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर गेले. मुली कड्यातून बॉल टाकत होत्या. जयगड माझ्याकडे आली. तिने मला जे विचारलं ते अगदी साधेपणाने, सरावाचा प्रश्न विचारावा तसं विचारलं.

"ताई, अजून एक थर पडला तर बांबू किती वर बांधायचा?"

मी तिच्यावर ओरडणार होते. आताच वाकायला तयार झालात का, म्हणणार होते. पण तिने तुमचंच शिकवलेलं विचारलं होतं. सामना महिन्यावर आलाय, तिचं शेवटचं वर्ष आहे. आणि त्या क्षणी मला तुमचं जुनं वाक्य नव्याने ऐकू आलं. रिंग खाली आलेली नाही. जमीन वर आलीय. मग आपण एवढी वर्षं वर का बघत होतो, बाई? तुम्ही बांबू बांधत होतात वर, मी रिंग उचला म्हणून ओरडत होते वर. खाली कुणी बघितलंच नाही.

मी वंदनाताईला फोन केला. तिने बाकीच्यांना केला. रविवारी सकाळी त्या आल्या, ज्यांच्या घरी तुम्ही जाऊन आलात त्या. कुणी साडीत, कुणी मुलीची ट्रॅकपँट घालून. तुम्हाला दारातून घालवून देणारीही आली, आणि आल्या आल्या म्हणाली, "मी काय बोलायचे नाही. पहार द्या." राजापूर आली नाही. तिला फोन लागला नाही.

तात्या पहार घेऊन उभे होते पण देत नव्हते. "अध्यक्षांनी विचारलानी तर मी काय सांगू?"

"सांगा, बायका आल्या होत्या. ऐकल्या नाहीत," वंदनाताई म्हणाली.

"ते मला सांगायला नको. त्यांना ठाऊक आहे," तात्या म्हणाले आणि पहिला घाव त्यांनीच घातला.

संपूर्ण मैदान फोडायची ताकद आमच्यात नव्हती. खांबाच्या बुडाशी, माणसाला उभं राहता येईल एवढा चौकोन फोडला. वरचा थर राखाडी, गुळगुळीत. त्याखालचा काळपट. त्याखालचा भुसभुशीत, हाताने सुटत होता. कापलेल्या कडेला तिन्ही थर एकावर एक दिसतात, शाळेत जमिनीचे थर दाखवायचं चित्र असतं तसे. आणि त्यांनी वेढलेला चिरा. लाल, ओला, कडा बसून बसून गोल झालेल्या.

मग वंदनाताई खड्ड्यात उतरली आणि चिऱ्यावर बसून बघितलंन तिने. "बाई एवढ्याशा होत्या म्हणून मावायच्या," ती म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो आणि मग एकेक करून रडलो. मी आतापर्यंत रडले नव्हते.

काल प्राचार्यांचा फोन आला. तोडफोड, परवानगी, पोलीस, हे तिन्ही शब्द एका वाक्यात होते. मी म्हटलं, सर, काही तोडलेलं नाही, पुरलेलं बाहेर काढलंय, येऊन बघा. ते आले. एकटेच, चप्पल घालून. खड्ड्याच्या काठाशी उभं राहून थर बघितले, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, आणि तसेच परत गेले. याचा अर्थ काय, ते मला माहीत नाही. सोमवारी काँक्रीटचा मिक्सर येणार, हे अजून कुणी रद्द केलेलं नाही.

मी पत्रक लिहिलंय, बाई. फाटकात वाटणार आहे, दोन्ही हातांनी. पण या वेळी त्यात मुली आहेत. जयगड, वंदनाताई, आणि न आलेली राजापूरसुद्धा. आणि बांबूचं कडं मी काढलेलं नाही. जयगडचा सामना होईपर्यंत ते राहील. ते मला पटलेलं नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा. आपलं भांडण अजून बाकी आहे, आणि आता ते मला एकटीला, दोन्ही बाजूंनी, भांडायचंय.

सुई चांगली निघाली. सगळे बॉल भरले आज.

आता शेवटची ओळ. वेळ: सोमवारी, उजाडल्याबरोबर, मिक्सर यायच्या आधी. जागा: खांबाच्या बुडाशी, चौथऱ्यावर. आम्ही सगळ्या तिथे बूट बांधत बसलेल्या असू.

तुमची,
लोटे